पन्हळीवरून ओळखायचे जुरासिक समुद्र

कच्छमध्ये भूजच्या वायव्येला, रणाच्या कडेशी जुमाराचा घुमटाकार डोंगर आहे. त्याच्या उतारावरच्या पिवळट चुऱ्यात मला पहिला बेलेम्नाइट, म्हणजे माकुलासारख्या एका नष्ट झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, सापडला. जेमतेम करंगळीएवढा तपकिरी दगड होता तो, एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला तुटलेला. तुटलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहिले तेव्हा एका बिंदूपासून परिघाकडे गेलेले कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे तंतू सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे दिसले आणि त्यांना छेदणारी, एकात एक बसलेली बारीक वर्तुळेही दिसली. माती पुसण्यासाठी अंगठा फिरवला तर एका बाजूला वरपासून खाली गेलेली उथळ पन्हळ लागली. ती पन्हळ त्या वेळी मला केवळ झिजेची खूण वाटली होती. जुरासिक काळातील समुद्र एकमेकांपासून कसे वेगळे होते, हे सांगणाऱ्या उत्तम पुराव्यांपैकी ती एक आहे हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली, आणि हा लेख त्या पन्हळीविषयीच आहे.

आधी प्राण्याविषयी थोडे सांगायला हवे. कोकणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्याला वाळूत पडलेले पांढरे, हलके समुद्रफेण ठाऊक असते. पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला ते देतात आणि वैद्यांच्या बटव्यातही ते असते. समुद्रफेण म्हणजे माकुलाच्या एका जातीचे शरीराच्या आत असलेले कवच होय. बेलेम्नाइट हे त्याच शीर्षपाद (डोक्यालाच हात-पाय फुटलेल्या मृदुकाय प्राण्यांच्या) वर्गातील, आता पूर्णपणे नष्ट झालेले प्राणी होते आणि त्यांचेही कवच शरीराच्या आतच असे. त्या कवचाचा पुढचा भाग कप्प्याकप्प्यांच्या शंकूचा असून तो प्राण्याला तरंगत ठेवी, तर मागच्या टोकाला घट्ट कॅल्साइटचा जड दांडा असे, ज्याला रोस्ट्रम म्हणतात. कप्पेदार शंकू अॅरागोनाइट या सहज विरघळणाऱ्या खनिजाचा आणि नाजूक असल्याने बहुधा विरघळून किंवा चिरडून जातो आणि मागे उरतो तो रोस्ट्रम. आपण ज्याला बेलेम्नाइट म्हणून हातात घेतो तो संपूर्ण प्राण्याचा असा एक शेपटाकडचा तुकडा असतो. बाकीचे शरीर कसे होते हे काही थोड्या विलक्षण ठिकाणांमुळे कळले. इंग्लंडच्या लाइम रीजिस येथे जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अॅनिंग यांना १८२६ मध्ये बेलेम्नाइटची शाईची पिशवी शाईसकट सापडली आणि त्यांच्या स्नेही एलिझाबेथ फिलपॉट यांनी तीच वाळलेली शाई पाण्यात कालवून जीवाश्मांची चित्रे काढली. दक्षिण जर्मनीतील होल्झमाडेनच्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, हातांवरच्या आकड्यांच्या रांगांसह पूर्ण ठसे मिळाले, आणि बेलेम्नाइटच्या रोस्ट्रमांनी पोट भरलेला एक शार्कही मिळाला. तो आज श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे.

रोस्ट्रम हा असा साधा दांडा असल्यामुळे सगळे बेलेम्नाइट सारखेच, असा समज सहज होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पुष्कळ भागात जवळपास प्रत्येक नमुना ‘बेलेम्नाइटीस’ या एकाच प्रजातिनावाखाली नोंदवला जात असे आणि त्यात नवनव्या जातींची भर पडत राही. पुढे अभ्यासकांनी रोस्ट्रमचा आडवा छेद, सर्वांत जाड भाग कोठे येतो ते, टोकाचा आकार, आणि मुख्य म्हणजे पन्हळी कोठे आहेत हे पाहायला सुरुवात केली, तेव्हा गटांची खरी विभागणी दिसू लागली. पन्हळ रोस्ट्रमच्या निमुळत्या टोकापासून निघते, की कप्पेदार शंकू बसतो त्या पोकळ तोंडापासून निघते, हा पहिला प्रश्न. ती पोटाच्या बाजूला आहे की पाठीच्या, हा दुसरा. सिलिंड्रोट्यूथिस आणि पॅकिट्यूथिस या बेलेम्नाइटच्या प्रजातींत पन्हळ टोकाकडे असते, आणि तीही पुष्कळदा आखूड. बेलेम्नॉप्सिसमध्ये ती तोंडापासून निघून पोटाच्या बाजूने जवळजवळ टोकापर्यंत जाते. हिबोलिथीसमध्येही ती तोंडापासूनच निघते, पण पुढच्या भागातच विरते आणि दांडा मागच्या अर्ध्यात भाल्याच्या पात्यासारखा फुगतो. डुव्हालियाचा रोस्ट्रम दोन्ही बाजूंनी चपटा, वल्ह्याच्या पात्यासारखा, आणि त्याची पन्हळ पाठीकडे. डायसीलाइटीसला तर पोटाकडे एक आणि पाठीकडे एक अशा दोन पन्हळी असतात. जुमाराला माझ्या अंगठ्याखाली आलेली पन्हळ तोंडापासून टोकाकडे गेलेली होती, म्हणजे तो नमुना बेलेम्नॉप्सिसच्या घराण्यातला होता. असा बेलेम्नाइट सैबेरियातील त्याच काळच्या थरांत मी कितीही शोधला असता तरी मला मिळण्याची आशा जवळजवळ नव्हती.

ही विभागणी सुरुवातीपासून नव्हती. जुरासिक कल्प सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि १४.५ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्याच्या अगदी आरंभीच्या थरांत युरोपमध्ये जे बेलेम्नाइट मिळतात ते लहान, काही तर आगपेटीच्या काडीपेक्षा फारसे मोठे नव्हेत, आणि ते मुख्यतः वायव्य युरोपातच मिळतात. त्यामुळे हा सगळा गट त्या उथळ समुद्रातच जन्मला आणि तेथून जगभर पसरला, असे दीर्घकाळ मानले जाई. चीनमध्ये १९८४ मध्ये त्रिआसिक, म्हणजे जुरासिकच्या आधीच्या कल्पातल्या, थरांतून बेलेम्नाइटचे सिनोबेलेम्नाइटिडी नावाचे कुळ वर्णिले गेले होते, पण त्याच्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. जपानच्या ईशान्य भागातून जुरासिकच्या आरंभीचे तसलेच नमुने समोर आल्यावर २०१२ मध्ये जपानी आणि जर्मन अभ्यासकांनी मिळून हे मत मांडले की बेलेम्नाइटचा उगम त्रिआसिकमध्ये, आशियाच्या पूर्वेकडे झाला असावा. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या गटाचे मूळ स्थान आपण जेथे सर्वांत जास्त खोदले तेथेच दाखवले जाते, ही जीवाश्मशास्त्रातील नेहमीची अडचण आहे, आणि बेलेम्नाइटच्या बाबतीत ती जवळजवळ दोनशे वर्षे लक्षात आली नव्हती.

जुरासिकच्या पहिल्या टप्प्याच्या उत्तरार्धात, विशेषतः १८.३ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, समुद्रांवर मोठे संकट आले. आज दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिका येथे ज्याचे खडक दिसतात त्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकांच्या काळात हवामान तापले आणि युरोपच्या उथळ समुद्रांच्या तळाचा प्राणवायू संपला. होल्झमाडेनचे काळे शेल याच काळाचे. बेलेम्नाइटच्या कित्येक जाती या काळात गेल्या, पण जे उरले ते उत्तरेकडे सरकले आणि युरोपातून आर्क्टिककडे जाणाऱ्या चिंचोळ्या सागरी मार्गाने सैबेरियापर्यंत पोहोचले. पुढे मध्य जुरासिकच्या आरंभी ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यामधल्या आजच्या उत्तर समुद्राचा (नॉर्थ सी) तळ वर उचलला गेला आणि हाच मार्ग अरुंद झाला. उत्तरेत पोहोचलेले बेलेम्नाइट तेथे काहीसे एकटे पडले आणि त्यांच्यातून टोकाकडे पन्हळ असलेल्या सिलिंड्रोट्यूथिसचे कुळ बहरले. दक्षिणेकडच्या टेथिस नावाच्या, आता नाहीशा झालेल्या उबदार समुद्रात त्याच सुमारास तोंडापासून पन्हळ असलेल्या बेलेम्नॉप्सिस आणि हिबोलिथीस यांचा विस्तार झाला. युरोपमध्ये मेगाट्यूथिस हा सगळ्यांत मोठा बेलेम्नाइट याच मध्य जुरासिकमधला. त्याचा रोस्ट्रम अर्ध्या मीटरहून लांब भरतो.

तेव्हापासून जुरासिकच्या अखेरपर्यंत उत्तर गोलार्धात दोन मोठी सागरी साम्राज्ये दिसतात. ग्रीनलंड, स्वालबार्ड, सैबेरिया, आर्क्टिक कॅनडा आणि रशियाचे मैदान यांतून मिळणारे बेलेम्नाइट बहुतांशी सिलिंड्रोट्यूथिसच्या कुळातले असतात. साक्स आणि नाल्न्याएवा या सोव्हिएत अभ्यासकांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत सैबेरियातील नमुन्यांवर जे काम केले, त्यावर आजही उत्तरेकडच्या गटाची सगळी मांडणी उभी आहे. स्पेन, दक्षिण फ्रान्स, आल्प्स, कॉकेशस येथे मात्र हिबोलिथीस, बेलेम्नॉप्सिस आणि डुव्हालिया यांचेच राज्य आहे. या दोन्हींच्या मध्ये कोणती भिंत होती? पाण्याचे तापमान हे एक उत्तर आहे. मेल्खिऑर नॉयमायर यांनी १८८३ मध्येच जुरासिक आणि त्यानंतरच्या क्रिटेशस कल्पातील समुद्रांत हवामानाचे पट्टे असल्याचा विचार जीवाश्मांवरून मांडला होता. पण तापमान एकटे पुरेसे नाही, असे मला वाटते. बेलेम्नाइट हे मुख्यतः खंडांच्या कडेच्या उथळ समुद्रांत राहणारे प्राणी होते. उघडा, खोल महासागर ओलांडणे त्यांना सहज जमत नसावे. त्यामुळे एखादी सामुद्रधुनी उघडली की ते पसरत आणि बंद झाली की दोन्हीकडचे आपापल्या वाटेने बदलत जात. पोहणारा प्राणी असूनही त्याचा पसारा किनाऱ्यांच्या आकाराने ठरत होता.

सीमारेषेवरचे प्रदेश सर्वांत मनोरंजक आहेत. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड क्ले या जुरासिकच्या मधल्या व शेवटच्या टप्प्यातील चिखलात सिलिंड्रोट्यूथिस पुझोसियाना हा उत्तरेकडचा, लांबलचक बेलेम्नाइट आणि हिबोलिथीस हास्टाटा हा दक्षिणेकडचा, भाल्याच्या पात्यासारखा बेलेम्नाइट एकाच खाणीत मिळतात. पोलंडमध्ये आणि रशियाच्या मैदानातही असे मिश्रण होते. थरागणिक कोणाचे प्रमाण वाढते ते मोजले तर थंड आणि उबदार पाणी कसे पुढेमागे सरकत होते याचा अंदाज बांधता येतो.

आता पुन्हा कच्छकडे येतो, कारण आपल्या दृष्टीने हा भाग सगळ्यांत समृद्ध आहे. महाराष्ट्रात जुरासिक समुद्राचे थर नाहीत. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, म्हणजे जुमाराच्या थरांहून जवळजवळ १० कोटी वर्षांनी धाकटा, आणि त्यात बेलेम्नाइट शोधून उपयोग नाही. आपल्याला सर्वांत जवळचा जुरासिक समुद्र कच्छमध्येच भेटतो. दक्षिणेकडचे खंड एकत्र असलेला गोंडवन हा महाखंड फुटू लागला तेव्हा एका बाजूला आफ्रिका आणि दुसऱ्या बाजूला भारत, मादागास्कर आणि अंटार्क्टिका, अशी भेग पडत गेली आणि टेथिसचे पाणी त्या भेगेत उत्तरेकडून शिरू लागले. कच्छ हे त्या आखाताच्या तोंडाशी होते. येथील थरांचे पच्छम, चारी, काट्रोल आणि उमिया असे चार गट स्टोलिच्का यांनी पाडले आणि येथील बेलेम्नाइटवर विल्हेल्म वागेन यांनी १८७३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी सविस्तर काम प्रसिद्ध केले. पुढे १९२७ ते १९३३ या काळात जीवाश्म-अभ्यासक स्पाथ यांनी कच्छच्या शीर्षपाद जीवाश्मांची फेरतपासणी केली. या सगळ्यातून जे चित्र उभे राहते ते स्पष्ट आहे. कच्छमध्ये बेलेम्नॉप्सिस आणि हिबोलिथीस आहेत आणि त्यांचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये आणि टांझानियाच्या किनाऱ्यावर मिळतात. भूजहून टांझानियाचा किनारा आज हजारो किलोमीटर दूर आहे, मध्ये अरबी समुद्र आणि हिंदी महासागर आहेत. त्या काळी मात्र ही सगळी ठिकाणे एकाच आखाताच्या काठावर होती आणि बेलेम्नाइटना मधला खोल समुद्र ओलांडावा लागत नव्हता. खंड सरकले असे नकाशावर बाणांनी दाखवतात, परंतु हातात कच्छचा आणि शेजारी मादागास्करचा नमुना असला आणि दोन्हींवर तीच पन्हळ असली की ते नकाशापेक्षा अधिक खरे वाटते.

भारताची दुसरी, उत्तरेकडची कड हिमालयात उचलली गेली आहे. हिमाचल प्रदेशातील स्पितीचे काळे शेल हे टेथिसच्या दक्षिण काठावरच्या तळाचा गाळ होत. त्यांच्या खालच्या भागाला बेलेम्नॉप्सिस गेरार्डीच्या नावानेच ओळखतात, कारण तेथे हा बेलेम्नाइट विपुल आहे. हेच शेल पूर्वेकडे नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरात जातात आणि त्यांतून सुटलेले गोटे गंडकीच्या पात्रात वाहत येतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम तो हाच. त्याच्यावरचे चक्र हे अॅमोनाइटचे असते, बेलेम्नाइटच्या शंखधारी नातलगाचे. माझ्या आजोळी शाळिग्रामाला रोज तुळस वाहिली जाई आणि कार्तिकात तुळशीच्या लग्नात त्यालाच नवरदेव करीत. ज्या गाळात ते चक्र घडले त्याच गाळात बेलेम्नॉप्सिस पुरले गेले, हे मला कळले तेव्हा देवघर आणि कच्छचा उतार यांतले अंतर माझ्यापुरते फार कमी झाले.

स्पितीहून पुढे हा पट्टा तिबेट, इंडोनेशियातील सुला आणि मिसूल बेटे आणि न्यूझीलंडपर्यंत जातो. न्यूझीलंडचे ग्रॅम स्टीव्हन्स यांनी १९६५ मध्ये आपल्या देशातील बेलेम्नाइटबरोबरच संपूर्ण हिंद-प्रशांत भागातील बेलेम्नाइटचा आढावा घेतला आणि या पट्ट्याचे वेगळेपण मांडले. दोन पन्हळींचा डायसीलाइटीस आणि त्याचा शंकूसारखा नातलग कोनोडायसीलाइटीस ही या भागाची खास ओळख आहे. मूळचा टेथिसचा असलेला हा गट इकडे येऊन स्वतःची वळणे घेतो. आणखी दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाच्या अलेक्झांडर बेटावर आणि पॅटागोनियातही बेलेम्नॉप्सिस आणि हिबोलिथीस आढळतात. आफ्रिका आणि पूर्व गोंडवन यांच्यामधली भेग जुरासिकच्या अखेरीकडे दक्षिणेपर्यंत उघडली आणि कच्छ-मादागास्करच्या आखाताचा अंटार्क्टिका व दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांशी थेट संबंध आला, हे दाखवण्यासाठी या नमुन्यांचा आधार घेतला जातो.

विविधता मोजण्याविषयी मला एक आग्रहाने सांगायचे आहे. अमुक काळात बेलेम्नाइटच्या इतक्या जाती होत्या अशा आकड्यांकडे जरा जपून पाहायला हवे. एकाच जातीचे पिल्लू आणि प्रौढ यांचे रोस्ट्रम वेगळे दिसतात, कारण रोस्ट्रमवर थरावर थर चढत जातात आणि आकार बदलतो. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर विटबीजवळ मिळणारा यंगिबेलस हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे काही रोस्ट्रम आखूड आणि काही नळीसारखे लांबलचक असतात. पूर्वी या वेगळ्या जाती समजल्या जात, परंतु १९८५ मध्ये पीटर डॉयल यांनी मांडले की हे बहुधा एकाच जातीतील नर आणि मादी असावेत. लांबी ही प्रौढपणी टोकावर वाढणाऱ्या एका जादा भागामुळे येते. अशी एक उकल झाली की यादीतली दोन नावे एक होतात. दुसरीकडे, तुटक्या तुकड्यांवर ठेवलेली जुनी नावे तपासली की एका नावाखाली दोन-तीन वेगळे प्राणी निघतात. त्यात जर्मनी आणि इंग्लंड येथील थर दोनशे वर्षे पिंजून काढले गेले आहेत, त्यामुळे तेथील विविधता जास्त भासते. कच्छची तपासणी त्या मानाने फारच थोड्या हातांनी झाली आहे. वागेन आणि स्पाथ यांच्या नंतरही येथे काम झाले, पण अॅमोनाइटला जेवढे लक्ष मिळाले तेवढे बेलेम्नाइटला मिळाले नाही. अॅमोनाइटवरून थरांचे वय बारकाईने ठरवता येते, म्हणून अभ्यासक साहजिकच त्याच्याकडे वळतात. बेलेम्नाइटवरून समुद्र ओळखता येतो, आणि हे काम माझ्या मते कमी महत्त्वाचे नाही.

रोस्ट्रमच्या वर्तुळांविषयीही दोन शब्द. हॅरल्ड यूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका जुरासिक बेलेम्नाइटचे थर एकेक करून खरवडले आणि त्यांतील प्राणवायूच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे) प्रमाण मोजले, कारण ते पाण्याच्या तापमानानुसार बदलते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की हा प्राणी सुमारे चार वर्षे जगला, तारुण्यात उबदार आणि उतारवयात थंड पाण्यात राहिला, पाण्याचे सरासरी तापमान १७.६ अंश सेल्सिअस होते आणि तो वसंत ऋतूत मेला. पुढच्या काळात या पद्धतीत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण एका मृत प्राण्याच्या आयुष्यातले उन्हाळे आणि हिवाळे दगडातून वाचण्याचा हा पहिला प्रयत्न होता. पुढे समस्थानिकांच्या मोजणीसाठी जगभर तुलनेचे जे मानक धरले गेले तेही दक्षिण कॅरोलायनातील पीडी थरांतल्या एका क्रिटेशस बेलेम्नाइटवरूनच ठरले.

कच्छला जाणाऱ्यांसाठी माझा अनुभव सांगतो. बेलेम्नाइट दिसला की तो लगेच उचलू नये. आधी तो कोणत्या थरातून आला ते पाहावे, कारण उतारावरून घरंगळत आलेला तुकडा वरच्या कोणत्याही थराचा असू शकतो. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि तीन बाजू घ्याव्यात, पोटाची, कडेची आणि तुटलेल्या तोंडाची. पन्हळ झिजलेली असेल तर भर दुपारच्या उन्हात ती दिसतच नाही. जुमाराला मी दुपारभर तीन तुकडे उलटेसुलटे करून ते बिनपन्हळीचे आहेत असे वहीत लिहून ठेवले होते. संध्याकाळी उन्हे तिरपी झाल्यावर परतीच्या वाटेवर तेच तुकडे पुन्हा पाहिले, तर तिन्हींवर तोंडापासून टोकाकडे गेलेली सावलीची एक बारीक रेघ उमटली होती. दुपारची नोंद खोडून मी शेजारी नवी लिहिली आणि तुकडे होते तेथेच ठेवले.